मोकळ्या हातांची सहल

मुकादमांची कंबर गेली ती उशी उचलताना. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि बाहेर कुणाला सांगायची सक्त मनाई होती. बाहेर सांगायचं ते कपाट. लोखंडी, आरशाचं, अरुंद जिन्यावरून उतरवलेलं. कपाट त्या दिवशी खरंच उतरवलं होतं आणि त्याचा खालचा कोपरा मुकादमांनी खरंच धरला होता. पण कपाट सुखरूप ट्रकमध्ये गेलं, मुकादम सुखरूप घरी आले, जेवले, जरा आडवं व्हावं म्हणून खाली पडलेली उशी उचलायला वाकले आणि तसेच राहिले. बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने मान न वळवता विचारलं, "काही हरवलंय का?"

त्यांचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. एका घरातलं सामान उचलायचं, दुसऱ्या घरात मांडून द्यायचं. मुकादम म्हणजे हमालांचा म्होरक्या. तो नुसता सांगतो आणि बाकीचे उचलतात, अशी लोकांची समजूत असते. हे मुकादम सांगायचे आणि उचलायचेही. जिना चढायचा असो की उतरायचा, ओझं येतं ते खालच्या माणसावर, आणि खालचा माणूस कायम मुकादम. मोकळ्या हाताने जिना चढणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. नातेवाइकांकडे कुणी आजारी असेल तर भेटायला जायचे आणि बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात यायचं की कपाट चुकीच्या भिंतीला आहे. एका मावसभावाचं असंच झालं. तो तापातून उठला तेव्हा ताप गेला होता, पण त्याला आपलं घर सापडेना.

लग्नही सामान हलवतानाच जमलं. बायकोच्या माहेरचं घर हलवायला मुकादम गेले, तेव्हा ते साधे हमाल होते. सगळं सामान ट्रकमध्ये चढलं, पण थोरल्या मुलीने आपल्या शिलाई मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही लोक आपटता, म्हणाली. मुकादमांनी तोवर साधी बशीसुद्धा आपटली नव्हती. ते भयंकर दुखावले. ती मशीन मांडीवर घेऊन ट्रकच्या मागच्या भागात बसली, हे समोर बसले, आणि नवं घर येईपर्यंत दोघांचं भांडण चाललं. त्याच वर्षी लग्न झालं. भांडण अजून संपलेलं नाही.

डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला, उजेडावर धरला आणि सांगितलं की यापुढे वजन उचलायचं नाही. मुकादमांनी विचारलं, किती? डॉक्टर म्हणाले, चहाचा कप उचला. त्याहून जड काही नको. मुकादमांना हा अपमान वाटला. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की ठीक आहे, उचलणार नाही, पण कामावर जाणार. बाजूला उभं राहून सांगणार. जगात दुसरे मुकादम करतात तेच.

मुलगा आता टोळी सांभाळत होता. त्याची पंचाईत झाली. बापाला नको म्हणवत नव्हतं आणि आईला हो म्हणवत नव्हतं. बायकोचं म्हणणं सरळ होतं. हे उभे राहतील, सांगतील, आणि कुणाचा हात निसटला की धावत जाऊन कोपरा धरतील. मग घरी येतील ते स्ट्रेचरवर, आणि तो स्ट्रेचरही वाटेत दोनदा थांबवून कसा धरायचा ते सांगतील.

"माझे हात माझ्या ताब्यात आहेत," मुकादम म्हणाले.

"मग दाखवा," बायको म्हणाली.

अट तिने घातली. एक पूर्ण दिवस बाहेर काढायचा, सगळ्यांनी मिळून, आणि त्या दिवसात मुकादमांनी कपाहून जड काहीही उचलायचं नाही. जमलं, तर दुसऱ्या दिवसापासून टोळीबरोबर जायचं. नाही जमलं, तर घरी बसायचं आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. मुलाने दोघांसमोर कबूल केलं की आई सांगेल ते शेवटचं.

जागाही तिनेच ठरवली. शहराबाहेर नदीकाठी सरकारचं मोठं उद्यान होतं. झाडी, पायवाटा, बसायला लाकडी टेबलं, होड्यांचा धक्का. रस्त्यावरच्या पाटीवर लांब पायांचा एक पक्षी काढलेला. लग्न झाल्यापासून ती पाटी तिने ट्रकच्या काचेतून कितीदा पाहिली असेल, आणि दर वेळी मागे कुणाचं तरी कपाट होतं. दुसऱ्याचं सामान उन्हात ठेवून पक्षी बघायला कोण थांबणार? तिचं सगळं आयुष्य मान खाली घालून शाळेचे गणवेश शिवण्यात गेलं. तिला एकदा मान वर करून चालायचं होतं. त्यासाठी तिने नवे बूट घेतले होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ट्रक दारात आला. टोळीचाच ट्रक, दुसरी गाडी नव्हती. मुलाने आणि सुनेने सामान चढवायला सुरुवात केली. डबे, थर्मास, पाण्याचा कॅन, बसायच्या सतरंज्या, घडीच्या खुर्च्या. मुकादम फुटपाथवर हात खिशात घालून उभे राहिले. सुनेला सासूने पहाऱ्यावर नेमलं होतं. ती सामान ठेवता ठेवता एक डोळा खिशांवर ठेवून होती.

मुलाने थर्मास आधी ठेवला आणि त्यावर खुर्च्या. मुकादमांनी ते पाहिलं. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, हे त्याला बोलता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलं होतं.  त्यांनी खिशातल्या मुठी अशा आवळल्या की पँट वर सरकली.

उद्यानाच्या फाटकात एक रखवालदार होता. बारीक, खाकी कपडे, गळ्यात शिट्टी. त्याने ट्रक पाहिला आणि विचारलं, काय आणलंय? मुलगा म्हणाला, आईबाबा. रखवालदाराने मागे डोकावून पाहिलं. दोर, पट्टे, फळ्या, गोधड्या. सहलीला कोण फळ्या आणतं? मुकादमांनी त्याला समजावलं की ट्रकमधून फळ्या कधी उतरवायच्या नसतात. रखवालदाराला हे पटलं असं वाटलं नाही, पण त्याने दांडा वर केला.

गाड्या लावायच्या जागेपासून टेबलांपर्यंत बरंच चालायचं होतं. मुलाने दोन्ही हातांत आणि खांद्यावर घेतलं, सुनेने उरलेलं घेतलं, बायकोने आपली पिशवी घेतली. मुकादम मोकळे. त्यांना चालताच येईना. हात लोंबकळत होते, पुढे जात होते, मागे जात होते, कुणाला तरी लागत होते. ओझं असलं की पाय कुठे टाकायचा ते ओझंच सांगतं. ओझं नाही तर पाय कुठेही पडतो. समोरून एक जोडपं मुलीला कडेवर घेऊन आलं. मुकादमांना त्या बापाचाही हेवा वाटला. शेवटी त्यांनी हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडलं. बायको म्हणाली, पोलिसांनी नेल्यासारखे दिसताय. पण तेच बरं होतं. जेवणाची वेळ सोडली तर दुपारपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही.

जेवणाआधी दोघं पायवाटेने फिरून आली. बायको मान वर करून चालत होती. वर फांद्या होत्या, फांद्यांत पक्षी होते, आणि तिला ते दिसत होते. मुकादमांना झाडाची जाडी दिसत होती. हे पडलं तर कसं न्यायचं. दोन माणसांचं काम नाही, आणि वळणावर शेंडा अडकणार. नदीपाशी आल्यावर बायको बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, किती शांत वाटतं ना. मुकादमही बघत होते. नदीतून ओंडके, पानं, एक फुटका डबा, सगळं एकत्र चाललं होतं. जड खाली, हलकं वर, असं काही नाही. बांधलेलं नाही. कुठे उतरवायचं त्याचा पत्ता नाही. ते म्हणाले, बेशिस्त आहे.

पायवाटेवर मुंग्या पावाचा एक तुकडा ओढत होत्या. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. मुकादम वाकायला गेले, कमरेने आठवण करून दिली, तेव्हा उभ्यानेच म्हणाले, "अरे, एकीने तरी सोडा." बायकोने त्यांना दंडाला धरून पुढे नेलं. तुकडा उचलला असता तर अट मोडली असती का, यावर परत येईपर्यंत वाद झाला. तिचं मत होतं, मोडली असती. वजनाचा प्रश्न नाही, खोडीचा आहे.

जेवण झालं. पाव, उकडलेली अंडी, काकड्या, कलिंगड. कलिंगड सुनेने मुद्दाम मुकादमांसमोर ठेवलं होतं आणि म्हणाली होती, बाबा, जरा इकडे देता का? मुकादमांनी मनगट घट्ट धरलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिने गुमान स्वतः उचललं. जेवल्यावर सासूसुना नदीकाठाने पुन्हा फिरायला गेल्या. दुपार कलत होती. मुकादमांना वाटलं, जिंकलो.

शेजारच्या टेबलावर एक मोठं कुटुंब बसलं होतं. एक जाडे काका, त्यांचे दोन जावई आणि एक भाऊ. ऊन त्यांच्यावर आलं, तेव्हा त्या चौघांनी टेबल उचलून सावलीत न्यायचं ठरवलं. टेबल जाड लाकडाचं, बाकं त्यालाच जोडलेली. चौघांनी चार बाजूंनी धरलं आणि चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी उचललं.

मुकादमांना राहवलं नाही. हात मागे ठेवूनच ते जवळ गेले आणि सांगायला लागले. उचलायचं नाही, तेवढीच अट होती. सांगायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

"पाठ सरळ. गुडघ्यातून उठा. हां, आता डावा कोपरा दाबा."

चौघे एकमेकांकडे तोंड करून उभे होते. प्रत्येकाने आपापला डावा दाबला. टेबल गोल फिरलं. मुकादम म्हणाले, तो डावा नाही, डावा डावा. मग म्हणाले, सोडा जरा, आणि एकाने पूर्ण सोडलं. मग म्हणाले, तिरकं घ्या, आणि टेबल आडवं झालं. दोन झाडांच्या मधून जाताना ते असं जाऊन बसलं की एक बाक या खोडाला, दुसरं बाक त्या खोडाला, आणि काका मधोमध. टेबल पुढेही जाईना, मागेही येईना. काकांना बाहेर पडायला वाट उरली नाही.

काकांनी टेबलावर कोपरं टेकून मुकादमांकडे पाहिलं. "तुम्ही धरताय का एक कोपरा?"

"मला उचलायला मनाई आहे."

"मग बोलायला कुणी परवानगी दिली?"

रखवालदार शिट्टी वाजवत आला. टेबलं हलवायची नाहीत असा फलक त्याने सगळ्यांना दाखवला. हे कुणी केलं म्हणून विचारलं. चौघांनी एकाच वेळी मुकादमांकडे बोट दाखवलं. एकाच वेळी केलेलं त्यांचं हे पहिलं काम. मुकादम म्हणाले, मी हातसुद्धा लावलेला नाही. रखवालदार म्हणाला, तेच दिसतंय.

शेवटी मुलगा उठला. त्याने एक कोपरा धरला, तोंडातून शब्द न काढता तो थोडा आपल्याकडे घेतला, थोडा वर, आणि समोरच्या जावयाने आपोआप दुसरा कोपरा खाली केला. टेबल सुटलं. जिथलं तिथे गेलं. काका बाहेर आले आणि उन्हातच बसले.

मुकादम आपल्या खुर्चीवर येऊन बसले.  मग त्यांनी मुलाला विचारलं की मी काही चुकीचं सांगितलं का? मुलगा सुपारी कातरल्यासारखं तुकड्या-तुकड्याने बोलला. चुकीचं नाही. पण बाबा, तुम्ही सांगता ते कधी कुणाला कळलेलंच नाही. तुम्ही डावा म्हणायचात, आणि तुमच्या हाताची ओढ लाकडातून आमच्या हातात यायची. ती कळायची. शब्द नुसता वर असायचा.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच ओरडत होतो?"

"उगाच नाही. हुरूप यायचा."

हे ऐकून मुकादमांचा चेहरा पडला. सकाळपासून त्यांना एकच काळजी होती, हात ताब्यात राहतील की नाही. हात राहिले होते. पण कोपरा न धरता सांगणारा मुकादम कुणाच्या कामाचा? जिंकून उद्या गेले, तर टोळी ऐकून घेईल, मान डोलावेल आणि कपाट जिन्यात अडकवेल. मुलगा तोंडावर काही म्हणणार नाही. आठवड्याभराने एखादी खुर्ची देईल. तिच्यावर बसायचं आणि चहा आला की प्यायचा. त्यापेक्षा घर बरं, असं त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं.

तेवढ्यात सून पळत आली. तिला दम लागला होता. आई चिखलात रुतल्या, एवढंच तिने सांगितलं.

झालं होतं असं. होडीच्या धक्क्याच्या अलीकडे पाणी ओसरलेलं होतं आणि काठ वरून वाळल्यासारखा दिसत होता. थोडं पुढे एका ओंडक्यावर कासव ऊन खात बसलं होतं. बायकोला ते जवळून बघायचं होतं. ती लाकडी वाटेवरून उतरली, चार पावलं व्यवस्थित गेली, आणि पाचव्याला वरची पापडी फुटली. खाली मऊ गाळ. एक पाय काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसरा गेला. आता ती दोन्ही गुडघ्यांपर्यंत आत उभी होती. पिशवी डोक्यावर धरलेली. कासव पाण्यात निघून गेलं होतं.

सगळे धावले. काका, जावई, भाऊ, रखवालदार, सगळे. मुकादम सगळ्यांत पुढे होते. लाकडी वाटेच्या कडेला पोचले आणि त्यांचं मनगट सुटलं. दोन्ही हात पुढे आले. एक पाय खाली उतरवलाही होता.

बायकोने ते पाहिलं. "हात मागे," ती म्हणाली.

"अगं पण..."

"हात मागे घ्या. नाहीतर मी इथेच राहते."

मुकादमांनी पाय वर घेतला. हात मागे गेले. मुलगा मात्र थेट तिच्याकडे गेला, घोट्यापर्यंत स्वतः रुतला, आईच्या काखेत हात घालून वर ओढायला लागला. ती कळवळली. ती वर येईना, तो खाली जायला लागला. जावई त्याला धरायला उतरू लागले. रखवालदार शिट्टी वाजवत होता, कुणासाठी ते त्यालाच माहीत नव्हतं.

मुकादम तिच्याकडे बघत होते. कपाटाकडे बघतात तसं नाही. कपाटाला हात लावल्याशिवाय त्यांना काही कळत नसे. इथे हात लावायची गरज नव्हती. तिला कुठे दुखतं, कशाला घाबरते, कुठल्या क्षणी अंग चोरते, हे त्यांना तिच्या तोंडाकडे बघून दिसत होतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहिल्याचं ते फळ होतं.

"सोड तिला," ते मुलाला म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "वर ओढू नको. तिचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. आणि ओढशील तिकडे ती उलट ओढणार. तो तिचा स्वभाव आहे, त्यात बदल होणार नाही."

काठावरचे लोक हसले. बायको हसली नाही. पण मुलाने सोडलं आणि आपले पाय उपसून काढले.

मग मुकादमांनी एकेकाला काम लावलं. या वेळी डावा नाही, उजवा नाही. काकांना म्हणाले, तुम्ही, ट्रकमधल्या फळ्या. जावयांना म्हणाले, गोधड्या आणि पट्टा. रखवालदाराला बादलीभर पाणी आणायला पिटाळलं. त्याने शिट्टी तोंडातून काढली आणि पळाला. फळ्या गाळावर शेजारी शेजारी टाकल्या, त्यांवर गोधडी, म्हणजे वजन पसरेल आणि माणूस खाली जाणार नाही. गोधडीची घडी बायकोच्या मागे.

"आता बस. खुर्चीत बसतेस तशी. मागे."

"चिखलात बसू?"

"कपडे धुता येतील."

ती बसली. पायांवरचा भार गेला. पाणी तिच्या पोटऱ्यांच्या कडेने हळूहळू ओतायला लावलं. मुकादम म्हणाले, टाच हलव, वर नाही, गोल. मशीनचं चाक फिरतं तशी. हे तिला लगेच कळलं. आयुष्यभर तिचा पाय त्याच कामात होता. गाळातून हवा वर आली आणि मोठा आवाज झाला. तो आवाज माझा नाही, असं बायकोने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

पट्टा तिच्या पाठीमागून काखेखालून घेतला. दोन्ही टोकं फळ्यांवर उभ्या असलेल्या मुलाकडे आणि जावयांकडे. मुकादमांनी सांगितलं की वर नाही, आपल्याकडे, आडवं ओढायचं. आणि माझ्याकडे बघायचं नाही, तिच्या ओठांकडे बघायचं.

"ओठ आवळले की ती अंग धरते. तेव्हा कुणी ओढायचं नाही. ओठ सुटले की ओढा."

तिघे तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिला संकोच वाटला, तिने ओठ आवळले. कुणी ओढलं नाही. ती म्हणाली, असं सगळे काय बघताय माझ्याकडे, आणि बोलायला तोंड उघडलं तसं तिघांनी ओढलं. डावा पाय सुटला. पुन्हा ओठ आवळले. मुकादमांनी थांबवलं. मग हळूच म्हणाले, "माल जरा मागे कलू द्या."

"माल?" बायको ओरडली, आणि उजवा पायही सुटला.

एक बूट आतच राहिला. उद्यानात आपली कुठलीही वस्तू सोडून जाऊ नये असा तिथे नियम होता. रखवालदाराने बूट गेलेल्या भोकाकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि नियम सांगितला नाही. काका मुकादमांपाशी आले. कपाळावर चिखल होता. म्हणाले, हे असं टेबलाच्या वेळी का नाही सांगितलंत? मुकादम म्हणाले, टेबलाशी माझी ओळख नव्हती.

नळावर बायकोने पाय धुतले. सून पाणी सोडत होती. मुकादम थोडे लांब उभे राहिले, हात अजून मागेच. बायको सगळ्यांशी बोलत होती, त्यांच्याशी नाही.  थोड्या वेळाने सुनेने आपणहून डबे आवरायला जाते म्हणून काढता पाय घेतला.

"परक्या माणसांनी ओढून काढलं मला," बायको नळाकडे बघत म्हणाली. "आणि नवरा हात मागे बांधून उभा. फेरफटका मारायला आल्यासारखा. माल म्हणतो."

"अट तुझी होती. तूच म्हणालीस, हात मागे."

"म्हटलं मी. म्हणून तुम्ही ऐकायचं?"

 उचललं असतं तर मुकादम हरले असते. नाही उचललं, तरी हरले. त्यांनी नळ बंद केला. तेवढं वजन त्यांना चालत होतं.

"अटीमुळे नाही थांबलो," ते म्हणाले. "एक पाय खाली टाकला, तेव्हाच कळलं. कमरेने साथ दिली नसती. तुला अर्धं उचलून मी सोडलं असतं, आणि तू आणखी खाली गेली असतीस. मी आजवर काही आपटलं नाही. तुझ्यापासून सुरुवात नको."

 कंबर गेली हे त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांपुढेसुद्धा ते, जरा लचकली आहे, यापलीकडे गेले नव्हते. तिने भिजलेला पाय दुसऱ्या पायावर पुसला. मग विचारलं की टेबलाचं काय झालं होतं? काका काहीतरी सांगत होते. मुकादमांनी खरं ते सांगितलं. झाडं, काका, शिट्टी, आणि मुलगा काय म्हणाला ते. कोपरा धरल्याशिवाय माझं सांगणं कुणाला कळत नाही, म्हणाले. उद्या जाऊन तरी काय करू.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागली. काका टेबलात कसे अडकले ते तिने पुन्हा सांगायला लावलं. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि मुलाला हाक मारली.

"उद्या यांना घेऊन जा."

मुलाने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे बघत होता.

"आणि फक्त सामानाला नको जुंपू. आधी माणसांकडे बघायला लाव. कोण कशाला घाबरतं, कुणाचा गुडघा कसा आहे, कोण ओठ आवळतो. ते यांना दिसतं. मग सांगू दे." ती थांबली. "आणि नेच. घरी ठेवलंस तर दिवसभर माझ्यामागे उभे राहून सांगतील. टाच गोल फिरव, पातेलं मागे कलू दे. त्यापेक्षा मी त्या चिखलात परत जाते."

मुलगा हो म्हणाला. चटकन म्हणाला, आणि त्यात आईला घाबरण्याचा भाग थोडाच होता. सामान ट्रकमध्ये चढायला लागलं. मुकादम बाजूला उभे राहिले. थर्मास खाली गेला, खुर्च्या वर गेल्या. ते मुलाकडे बघत होते. त्याचा डावा खांदा उचलताना जरा चोरतो, हे त्यांच्या आज लक्षात आलं. इतके दिवस ते खुर्च्या बघत होते. त्यांनी सुनेला सांगितलं, कॅन त्याला देऊ नकोस, तू उजवीकडून धर, तो तिकडून. मुलाने वळून पाहिलं. खांद्याबद्दल त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

ट्रकची पायरी उंच होती. बायकोचा गुडघा आता पुरता आखडला होता, आणि एका पायात बूट नव्हता. मुलगा तिला उचलून बसवायला पुढे आला. तिने त्याला बाजूला केलं.

"तू नको. हे सांगतील, मी चढते."

मुकादम दाराशी उभे राहिले. घाई केली नाही. तिने दांडा धरला, ओठ आवळले. ते थांबले. आजूबाजूच्या गाड्या सुरू होत होत्या, रखवालदार फाटकापाशी सगळ्यांना निघा म्हणत होता. ते थांबून राहिले.

"आता," ते म्हणाले.

ती चढली. आत बसून तिने पिशवी मांडीवर घेतली, मधल्या जागेवर सरकली आणि म्हणाली, बसा की, का तुम्हालाही सांगायला हवं? दार मुलाने लावलं.